पडावला गाडी बदलायची

ग्वाल्हेरात मेट्रो नाही, म्हणून सोनिकाने सवारी टेम्पोचीच मेट्रो केली. महाराज बाड्यावरून पडावपर्यंतचा टेम्पो म्हणजे पिवळी लाइन, तिथून मुरारचा म्हणजे निळी, आणि पडाव म्हणजे गाडी बदलायचा, दिल्लीचा राजीव चौक. धाकट्या गरिमाकडून तिने हे पार घोटून घेतलं. दिशा बघून बसायचं, उलट्या गाडीत चढलीस तरी रडारड नको, पुढच्या ठिकाणी उतरून परत यायचं. टेम्पोवाले हसायचे. हसेनात का!

सोनिकाचं घोडं या बहिणीपायीच अडलं होतं. गरिमाची बारावी व्हायच्या आधी तिला सोडून एकटीने दिल्लीला जायचं नाही, असं बाबांनी, म्हणजे मल्हाररावांनी, ठणकावून सांगितलं होतं. "दोघी मिळून जा, मग माझी ना नाही." सोनिकाने दिल्लीची हाती आलेली नोकरी सोडली आणि दौलतगंजात पोरांच्या शिकवण्या घेत बसली. आता गरिमाला दिल्लीत कॉलेज मिळालं, सोनिकालाही तिथे पुन्हा काम मिळालं. पण कॉलेज एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या. तेव्हा गरिमाच म्हणाली होती, "ताई, मला अकेले फिरायला सिखव ना." सोनिकाला केवढं कौतुक वाटलं होतं!

आज परीक्षा होती. सोनिका आधीच मुरारला आत्याकडे, विजयाबाईंकडे, जाऊन बसली. गरिमा मागून एकटी येणार होती.

आत्याने चहा पुढे ठेवला. "धाकटी गेली की तुला घर खायला उठेल गं."

"मला? मी पण जातेय की."

आत्या गडबडली. "म्हणजे तुला बोललेच नाहीत? अगं, हॉस्टेल एकीचंच ठरलंय. इथेच बसून ठरलं. मल्हार म्हणाला, छोटी एकटी फिरायला शिकली तर मोठीला कशाला पाठवायचं? तिच्यासाठी स्थळ बघू. तर गरिमा लगेच म्हणाली, सीख लूँगी."

सोनिकाच्या तोंडची चवच गेली. परक्याने दगा दिला असता तर ती चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. पण हिला तिनेच बोट धरून टेम्पोत चढवलं होतं. आपल्याच पायावर मारायला धोंडा दिला तो बहिणीने, आणि आपण तो हौसेने मारून घेतला! तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

तेवढ्यात गरिमा आली, घामाघूम आणि खूश. "ताई, पोहोचले! कुण्णाला विचारलं नाही!"

"बाबांनी काय ठरवलंय, तुला माहीत होतं?"

गरिमाने आत्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "गुस्सा मत हो ना, ताई. तू बरोबर असलीस की तिथेही मी छोटीच. तू म्हणशील तेव्हा उठायचं, तू म्हणशील तेव्हा घरी यायचं. मला एकदा माझं माझं राहायचंय."

"आणि माझी नोकरी?"

आत्या कप उचलून आत गेली.

"मी तुला शिकवलंच नसतं तर?" सोनिकाने विचारलं.

गरिमा ओढणीचं टोक पिळू लागली.

"तर बाबांना दोघींनाही पाठवावं लागलं असतं," ती म्हणाली.