अंगठेबुवा आणि रिकामी खुर्ची

पोरांनो, आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या शिवण कारखान्यात झुंबड उडायची ती पगारासाठी नव्हे, अंगठ्यांसाठी! मशिनींच्या खडखडाटानं डोकं उठलं की बाया-बाप्ये मागच्या कापडखोलीकडे धावायचे. तिथे अंगठेबुवा. मूळचा बटणांची काजं करणारा. एक काज धड जमेना, म्हणून बुवा झाला.

"डोळे मीट. बोलू नकोस. कळ मानेतून चढते, मी तिला मानेतूनच खाली ओढतो!" असं बडबडत तो कवटीखाली दोन्ही अंगठे रोवायचा. थोड्या वेळानं माणूस हसत बाहेर. माझी बायकोही त्या रांगेत. तिचं डोकं उलटी होईपर्यंत ठणकायचं, डोळे लालबुंद व्हायचे. अंगठ्यांनी थांबायचं, पुन्हा उठायचं.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाई खमक्या. "करूनच बघू," म्हणाल्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. काहींना बुवाचे अंगठे, काहींना इस्त्रीवाल्याचे, उरलेल्यांना कुणाचेच नाहीत. नुसतं खुर्चीत बसवलं. आराम सगळ्यांना सारखाच!

"अहो, या कापडखोलीत अंधार आहे, गारवा आहे, आवाज नाही," बाई घसा फोडून सांगत होत्या. "साधी डोकेदुखी एवढ्यानंच ओसरते. अंगठ्यांत काही नाही!"

लोकांना पटलं. बुवाला हाकलून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी रांग लागली ती खुर्चीपुढे!

"नुसतं टेकलं तरी गुण येतो हो," इस्त्रीवाला सांगत होता. "जागृत खुर्ची आहे!"

बाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात रांगेत त्यांना माझी बायको दिसली, डोळे लालबुंद.

"दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात का गं तुला?"

"दिसतात की. छान दिसतात."

"ही साधी डोकेदुखी नाही. डोळ्यांतला दाब वाढलाय. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात चल, नाहीतर नजर जाईल."

तर पोरांनो, ही तशीच उठली, गेली, नजर वाचली. आज या वयातही एका दमात सुईत दोरा ओवते!

"खोटं!" कोपऱ्यातून बायको म्हणाली. तिचा हात टेबलावर चहाचा कप चाचपत होता. "मी म्हटलं, एवढा नंबर लागू दे, मग जाते. लागला नंबर. बसले, डोळे मिटले. पुन्हा उघडले, बाहेर उजेडात आले, तरी खोलीतला अंधार काही गेला नाही." कप सापडला. "पोरांना खरं सांगा हो. दुखलं की डॉक्टरांना विचारायचं, खुर्चीला नाही. आणि सुईत दोरा शेजारीण ओवते."