तिसऱ्या मैलाचा देव

श्रीपाद मास्तरांच्या वाटेवर एकंदर सहा दगड होते आणि त्यांतला एकच देव होता. बाकीचे पाच नुसते दगड का राहिले, ते कोणाला सांगता आले नसते.

वाट वैभववाडीच्या वरच्या अंगाला, नदीच्या कडेकडेने घाट चढून जाणारी. साडेसहा मैल. पावसात नदी ती दोन-तीन ठिकाणी खाते, उरलेली वाट कारवीची झुडपे गिळतात. दिवाळीनंतर कोयते लागले नाहीत तर पुढच्या वर्षी तिथे वाट नसते, रान असते. चोपन्न साली श्रमदानाचे वारे आले तेव्हा एक साहेब आले, त्यांनी घमेले हातात धरून फोटो काढून घेतला आणि घमेले परत देऊन ते गेले. काम संपले असे मास्तरांना मात्र कोणी सांगितले नाही. कार्तिकातल्या पहिल्या रविवारी घरटी एक माणूस, असा नियम त्यांनी केला आणि पुढची सात वर्षे तो चालवला.

चालवला तो शाळेसारखा. सकाळी हजेरी आणि संध्याकाळी पुन्हा हजेरी, कारण काही माणसे भाकरी खाऊन झाडीत जात ती सोमवारीच उगवत. गैरहजर राहायचे तर चिठ्ठी हवी. गावच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालणारे दाजी साठीचे, पण एका वर्षी त्यांनीही पोटदुखीची चिठ्ठी पाठवली होती, खाली आईच्या अंगठ्यासह. चिठ्ठी नसेल त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याने चुन्याचा डबा घेऊन सहाही दगडांवरचे आकडे नव्याने काढावे लागत. ही शिक्षा कोणाला झालीच नाही तर मास्तर स्वतःच जाऊन आकडे काढत. बहुतेक वर्षी असेच होई.

मैल त्यांनी सुंभाच्या दोरीने मोजले होते. दुसऱ्या मैलानंतर नदी ओलांडताना दोरी भिजून ताणली गेली. "तिथून पुढचे मैल जरा दमदार आहेत," असे ते म्हणत, पण आकडा बदलत नसत.

एकसष्ट सालच्या श्रावणात मास्तर तापाने गेले. त्यांची मुलगी शुभदा मालवणला मुलींच्या शाळेत शिकवत होती. ती दिवाळीला आली, घर झाडले, वडिलांची पुस्तके उन्हात घातली, आणि कपाटात हजेरीची वही सापडली तेव्हा रविवारला दोन दिवस उरले होते. आजवर तिने या वाटेचे ऐकले होते फक्त, दर वर्षी पत्रातून, तपशीलवार आणि थोडे कंटाळवाणे. ती वही घेऊन दाजींकडे गेली.

"येतले," दाजी म्हणाले. "पण एकच दिस. सोमवारपासून भात झोडूचा आसा. मगे कोण येवचा नाय."

रविवारी तेवीस पुरुष आले आणि कृष्णाबाई आली. कृष्णाबाई मिठबावहून सुके बांगडे आणून दर आठवड्याला घाटावर विकायला नेई. तिच्या घरात पुरुष नव्हता, म्हणून घरटी एक माणूस ती स्वतःच होती. शुभदाने वही उघडली. पहिले नाव मास्तरांचे होते. दर वर्षी ते स्वतःच ते पुकारत आणि स्वतःच 'हजर' म्हणत. शुभदाने दुसऱ्या नावापासून सुरुवात केली.

"पयला नाव ऱ्हवला," परशुराम म्हणाला.

"पुढे," ती म्हणाली.

दाजींनी गाऱ्हाणे घातले, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले, कमरेच्या आकड्यांतून कोयते निघाले. दुसऱ्या मैलापर्यंत काम असे झटपट झाले की शुभदाला वाटले, बाबा पत्रांत उगीच एवढे लिहीत होते. तिसऱ्या मैलाशी आल्यावर सगळे थांबले.

पावसात तिथली दरड नदीत गेली होती. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला तीस हात खाली पाणी, आणि मधे जी दोन हात जागा उरली होती तिच्यात तिसऱ्या मैलाचा दगड बसला होता. शेंदूर लावलेला. समोर वाळलेली अबोली आणि अर्धी नारळाची कवड. चुन्याचा ३ शेंदराखालून थोडासा दिसत होता.

सगळ्यांत पुढे असलेल्या महादूने हातातली पहार हळूच खाली ठेवली. त्याच्या मागच्या बाविसांनीही आपापले सामान खाली ठेवले.

"हा मैलाचा दगड आहे," शुभदा म्हणाली. "बाबांनी बसवला. पंचावन्न साली."

"आमका ठावक आसा," दाजी म्हणाले. "मीयाच धरलेलो उजव्या बाजून."

"मग सरकवा की."

"तेव्हा दगड होतो गो बाय. आता देव झालो."

"बाबा काय म्हणत?"

"दर वर्षी तासभर भांडत. आमी ऐकून घेव. मगे बाजून जाव. आता बाजूच नाय ऱ्हवली."

माणसे बसली. कोणीतरी पानाची चंची सोडली. बारा वाजता भाकऱ्या सुटतील, भाकरीनंतर ही माणसे कशी पांगतात ते वहीतल्या संध्याकाळच्या रकान्यांत शुभदाला दिसत होते. वरचे साडेतीन मैल कारवीत होते आणि उद्या भात होते.

"तुमीच गाऱ्हाणा घाला दाजीनू," महादू म्हणाला. "देवाक सांगा आणि उचलूया."

"माझा गाऱ्हाणा गावच्या देवांका. ह्येचा नाव काय, खावक काय लागता, माका काय ठावक?"

"कोंबो?" परशुरामने सुचवले.

"मास्तरांनी बशयलेलो. कोंबो खायत?"

"चाय ठेवा," कृष्णाबाई म्हणाली.

कोणी हसले नाही. चहाचा विचार झाला आणि भांडे नसल्यामुळे मागे पडला.

कृष्णाबाई टोपलीला टेकून बसली होती. ती शुभदाला म्हणाली, "पयला फूल मीयाच घातलंय. दर आठवड्याक ह्येच्यार टोपली टेकतंय. फुकटचा टेकणा बरा दिसना नाय."

"बाबांना सांगितलंत?"

"सांगलंय. म्हणाले, चौथ्यार टेकव."

शुभदाने मान खाली घालून वही बंद केली.

"तुझ्या बापाशीन बशयल्यान," कृष्णाबाई म्हणाली. "तूच सांग तेका. तुका हापिसातली मराठी येता. तशी बोल. ह्यो काय आमच्यातलो देव नाय."

दाजींनी विचार केला. मग डोक्याचे मुंडासे सारखे केले आणि ते शुभदाच्या मागे जाऊन उभे राहिले. एकेक करून सगळे उभे राहिले. आता ती काही बोलली नसती तर ते पुन्हा बसले असते.

तिला गाऱ्हाणे येत नव्हते. अर्ज येत होता.

"श्री तिसरा मैल यांसी," ती म्हणाली. "विषय, जागा बदलण्याबाबत."

"व्हय म्हाराजा," चोवीस जण म्हणाले.

"महोदय, आपण पंचावन्न सालापासून या जागी आहात. यंदा पावसात दरड गेल्यामुळे आपल्या शेजारून माणूस जाईल एवढी जागा उरलेली नाही. सबब, आपण येथून अकरा हात वर यावे, ही विनंती."

"व्हय म्हाराजा."

"आपणांस ज्यांनी येथे बसवले ते," आणि इथे ती थांबली. खाली नदी वाजत होती. "ते यंदा येऊ शकलेले नाहीत. म्हणून हा अर्ज त्यांच्या मुलीने केला आहे. कळावे."

"व्हय म्हाराजा," या वेळी जरा खालच्या आवाजात.

तिने पदर खोचला आणि दगडाला आधी स्वतः हात लावला. मग महादूने पहार घातली, दाजींनी उजवी बाजू धरली, परशुरामने डावी. दगडाखाली तांबड्या मुंग्या होत्या, बाकी काही नव्हते. चौघांनी तो अकरा हात वर नेऊन कातळाच्या खोबणीत बसवला. कृष्णाबाईने अबोली आणि कवडही उचलून आणली.

"मैल चुकलो मा?" परशुरामने विचारले.

"अकरा हात," शुभदा म्हणाली. "आधीही चुकलेलाच होता."

दिवस मावळायच्या आत वाट घाटमाथ्याला लागली. त्या दिवशी भाकरीनंतर कोणी गेले नाही. बहुधा अर्ज केलेला देव काय करील याचा कोणाला अंदाज नसावा. माथ्यावर शुभदाने वही उघडली आणि या वेळी वरून सुरुवात केली.

"श्रीपाद विष्णू नेरूरकर."

माणसे घाम पुसता पुसता थांबली. दाजी म्हणाले, "गैरहजर."

"चिठ्ठी?"

दाजींनी इकडेतिकडे पाहिले, जणू कोणाकडे दिलेली असायची. "नाय."

तिने तसे लिहिले. पुढची चोवीस नावे झाली.

सोमवारी गावात भात झोडायला सुरुवात झाली. नियमाप्रमाणे एकटी शुभदा चुन्याचा डबा आणि काथ्याचा कुंचला घेऊन नदीच्या कडेने वर गेली. पहिला आकडा काढला, दुसरा काढला. तिसऱ्याशी कृष्णाबाई बसली होती. टोपली दगडावर होती.

"उचलू?"

"उचला. आकडा काढायचा आहे."

कृष्णाबाईने टोपली मांडीवर घेतली. शुभदाने वहाणा काढल्या, ओल्या फडक्याने आकड्यापुरता शेंदूर पुसला. खाली वडिलांचा ३ होता, पोट जरा मोठे, शेपटी आखूड. कुंचला बुडवून तिने त्याच्यावरून हात फिरवला, सगळीकडे, कुठेही बाहेर न जाता.

"काय दिसना नाय गो," कृष्णाबाई म्हणाली.

"ओला चुना दिसत नाही. वाळला की दिसतो."

"मगे थांब."

वर अजून तीन दगड होते आणि मंगळवारी सकाळी मालवणची मोटार होती. शुभदा कातळाला टेकून बसली. कृष्णाबाईने टोपलीतून एक बांगडा काढून तिच्या पिशवीत घातला. आकडा शेपटीकडून पांढरा व्हायला लागला होता.