तीन गाड्या आणि ताई

दातांच्या डॉक्टरांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी स्पोर्ट्‌स कार घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने आकांडतांडव वगैरे काही केलं नाही. ती पडद्याचं कापड कापत होती. तिने कात्री खाली ठेवली, नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि छातीत वगैरे दुखत नाही ना, असं विचारलं. दुखत नाही म्हटल्यावर तिने एकच अट घातली. गाडी बघायला जाताना ताईंना बरोबर न्यायचं.

ताई म्हणजे डॉक्टरांची सहा वर्षांनी मोठी बहीण. अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. तिला गाडीतलं कळतं हे सगळ्या घराला मान्य होतं, अगदी डॉक्टरांनाही. त्यांची अडचण वेगळीच होती. ताई त्यांना चारचौघांत ‘भोंग्या’ म्हणायची. लहानपणी ते जेवणाचं ताट स्टेअरिंगसारखं धरून, तोंडाने भोंगा वाजवत घरभर पळायचे, तेव्हापासूनचं ते नाव. एकदा तर दवाखान्याच्या दारातूनच तिने “भोंग्या, आहेस का रे?” अशी हाक मारली होती. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात नळी होती, म्हणून बिचाऱ्याला धड हसताही आलं नव्हतं.

गाडी दलालाकडून घ्यायची नाही, थेट मालकाकडून घ्यायची, असं डॉक्टरांनी पक्कं केलं होतं. दलाल बोलण्यात गुंडाळतो. मालकाचं मात्र तोंड बघून कळतं, असा त्यांचा पंचवीस वर्षांच्या धंद्यातून आलेला विश्वास होता. महिनाभर जाहिराती चाळून त्यांनी तीन गाड्या निवडल्या आणि एक मोठा तक्ता केला. गाडीचं वय, किती चालली, किती हातांतून गेली, इंजिन, टायर, प्रत्येकाला गुण. रंगाला गुण नव्हते, कारण रंगाने हुरळून जाणाऱ्यांतले आपण नाही, असं त्यांना वाटत होतं. तरीही तक्त्यात ‘लाल’ हा शब्द दोनदा अधोरेखित झाला होता.

लाल गाडी एका व्यायामशाळेच्या मालकाची होती. हा माणूस दंडाने दारापेक्षा रुंद आणि वागायला साखरेहून गोड. त्याने सांगितलं की गाडीला दोन दिवस हातही लावलेला नाही, आताच कापड काढलंय. डॉक्टर गाडीभोवती फिरायला लागले. चौथ्या फेरीनंतर ते चाललेत की तरंगतायत हे सांगणं कठीण होतं. ताईने फेरी वगैरे मारली नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने बॉनेटवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

मग तिने व्यायामशाळेच्या पायरीवर रुमाल अंथरला आणि बसली. म्हणाली, आम्हाला घाई नाही, गाडी थंड होऊ दे.

मालक हसला. ऊन लागून तापली असेल म्हणाला. गाडी सावलीत होती. मग त्याला आठवलं की सकाळी धुताना जरा पुढेमागे केली होती. ताईने त्याचं म्हणणं खोडून काढलं नाही, मान डोलावली आणि बसून राहिली. दीड तास गेला. त्यात मालकाने दोनदा कॉफी पाजली, डॉक्टरांची पाठ ताठ राहावी म्हणून तीन व्यायाम शिकवले, आणि मधूनमधून बॉनेटकडे असं बघितलं की जणू त्याच्या नजरेनेच ते तापलेलं ठेवता येईल. शेवटी ताईने किल्ली मागितली. गार इंजिन सुरू झालं ते डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज करत, आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला.

परतीच्या वाटेवर डॉक्टर पहिल्या सिग्नलला थांबले. मग म्हणाले, थोडाफार धूर तर निघतोच. पुढच्या सिग्नलला ते म्हणाले, आवाजात एक प्रकारचा दमदारपणा होता. ताईने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

दुसरी गाडी पिवळी. विकणारा लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर होता आणि जाहिरातीतले फोटो बघून कुणीही त्या गाडीशी लग्नाला उभं राहिलं असतं. संध्याकाळचा प्रकाश, ओला रस्ता, गाडी किंचित तिरकी. डॉक्टरांनी त्यांतला एक फोटो फोनच्या पडद्यावर लावला होता. बायकोने तो पाहिला होता आणि त्या जागी आधी कुणाचा फोटो होता, एवढंच विचारलं होतं.

प्रत्यक्षात गाडी स्टुडिओमागच्या अंगणात भर दुपारच्या उन्हात उभी होती, आणि उजवा दरवाजा बाकीच्या अंगापेक्षा थोडा जास्तच पिवळा होता. डॉक्टर म्हणाले, ही उन्हाची किमया. ताईने पर्समधून एक चुंबक काढलं. दाढेच्या आकाराचं, टूथपेस्टच्या कंपनीने फुकट वाटलेलं ते चुंबक डॉक्टरांच्याच फ्रिजवरचं होतं. निघताना तिने ते गुपचूप काढून घेतलं होतं. डाव्या दाराला ते टपकन चिकटलं. उजव्या दाराला लावलं, तर घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

डॉक्टर खाली वाकले. आतापर्यंत प्रेमात असलेला माणूस गेला आणि त्या जागी पंचवीस वर्षांचा अनुभव आला. त्यांनी दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं, जरा खाली टकटक केलं, आणि कान लावला.

“हे तर भरलेलं आहे,” ते सावकाश म्हणाले. “आतून सगळं किडलंय आणि वरून सिमेंट भरून पॉलिश मारलंय. कामही नीट केलेलं नाही.”

धडकेनंतर पत्र्यावर लांबीचा लगदा थापून वर रंग चढवलेला होता. फोटोग्राफरने मग कबूल केलं की ‘एक किरकोळ प्रसंग’ घडला होता. ताईने कागद मागितले. त्यांवर नाव त्याच्या मेव्हण्याचं निघालं. मेव्हणा परदेशी आहे आणि त्याची काही हरकत नसावी, असं तो म्हणाला. ‘नसावी’ या शब्दावर ताईने कागद परत केले. डॉक्टरांचा पारा मात्र चढलेलाच होता, पण तो कागदांवरून नव्हे. असलं फिलिंग आपण विद्यार्थी असतानासुद्धा केलं नव्हतं, हे ते घरी पोचेपर्यंत सांगत होते.

तिसऱ्या गाडीचा तक्त्यात सगळ्यात शेवटचा नंबर होता. पंधरा वर्षांची, गडद हिरवी, जाहिरातीत एकच फोटो आणि तोही अर्धवट, गाडीपेक्षा कुंपण जास्त. खाली एकच ओळ होती: ‘आधी बोलून मग यावे.’ डॉक्टर बोलले, तेव्हा पलीकडून इतका स्वच्छ, खणखणीत आवाज आला की त्यांनी वय, धंदा, सगळी उत्तरं उभं राहून दिली. त्या बाई रेडिओवरच्या निवृत्त निवेदिका होत्या.

बाईंचं घर टेकाडावर होतं. सत्तरी उलटलेली, केस बारीक कापलेले, हातात काठी. गाडी त्यांनी नवीन घेतली होती आणि पंधरा वर्षं एकटीने चालवली होती. आता गुडघे वाकेनात. आत बसता येतं, बाहेर निघता येत नाही. परवा शेजाऱ्याला हाक मारून स्वतःला बाहेर ओढून काढून घ्यावं लागलं, हे त्यांनी बातमी वाचावी तशा सुरात सांगितलं. मग एक जाड वही पुढे केली. प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक ऑईल, तारखेसकट. ताईने वही उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचायला घेतली. बॉनेट गार होतं, चुंबक चारी बाजूंनी चिकटलं, इंजिन पहिल्या खेपेला लागलं आणि शांतपणे गुरगुरत राहिलं.

पण बाईंची एक अट होती. घेणाऱ्याने त्यांना शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. मनात भरलं तरच विकणार. याआधी चौघांना त्यांनी परत पाठवलं होतं.

आता डॉक्टरांची रोजची गाडी स्वतःच गिअर बदलणारी होती. क्लचवर पाय ठेवून त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांच्या तक्त्यात कुठेच नव्हती. गाडी फाटकातच बंद पडली. पुन्हा सुरू केली तर सशासारखी दोन उड्या मारून पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा ते रस्त्याला लागले, वळणापर्यंत गेले आणि परत आले. परत येताना बाईंनी एका हाताने दरवाजा धरला होता आणि दुसऱ्या हाताने काठी. गिअर बदलताना जो करकर आवाज झाला, त्याने अंगणातलं मांजर उठून आत गेलं.

“पेशंटचा दात असाच काढता?” बाईंनी विचारलं.

डॉक्टर लाल झाले. बाईंनी मग काठीने ताईकडे खूण केली. ताई नको म्हणाली, मी नुसती बघायला आलेय, मला थोडीच घ्यायचीय. तरी बाईंनी आग्रह केला आणि ती बसली. सीट मागेपुढे केली, आरसे लावून घेतले, दोन्ही हात क्षणभर स्टेअरिंगवर नुसतेच ठेवले. मग गाडी अशी निघाली की कधी हलली ते कळलंच नाही.

गाडीला दोनच सीट. त्यामुळे डॉक्टर फाटकापाशी एकटे उरले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. टेकाडावरून खालचा वळणावळणाचा रस्ता दिसत होता. त्यावर एक हिरवा ठिपका सरसर वळणं घेत खाली गेला, पार पुलापर्यंत पोचला, वळून तसाच वर यायला लागला आणि पुन्हा खाली गेला. डॉक्टरांना आधी काळजी वाटली, मग राग आला. मग त्यांच्या लक्षात आलं की ताई हवी तेव्हा, हव्या त्या रस्त्याने, मागे चाळीस माणसं न बसवता गाडी चालवतेय, हे आपण आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. अठ्ठावीस वर्षं तिने ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या थांब्यांवर बस नेली होती. तिला गाडी चालवायला आवडतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही.

पाऊण तासाने दोघी परतल्या. ताईचे केस सुटले होते. बाईंचे गाल तांबडे झाले होते. त्यांना बाहेर काढायला डॉक्टर आणि ताई दोघांनी एकेक हात धरला.

उभं राहून श्वास जागेवर आल्यावर बाई म्हणाल्या, “गाडी मी यांना देईन. तुम्हाला नाही.”

ताई हसून म्हणाली, “मी काय करू हो हिचं? भाजी आणू?”

“आणा की. भाजीला काय हरकत आहे?”

ताईने तो विषय तिथेच सोडला. घरी जाताना ती फक्त एवढंच म्हणाली की गाडी चांगली आहे, तिसऱ्या गिअरला जरा कुरकुरते, पण चांगली आहे.

पुढचे चार दिवस डॉक्टर धुसफुसले. आपली गाडी बघायला गेलो आणि आपल्यालाच नापास केलं, हे त्यांना पचत नव्हतं. पाचव्या दिवशी एका पेशंटची दाढ सुन्न व्हायची वाट बघताना त्यांच्या मनात एक थोर विचार आला. गाडी आपण घ्यायची आणि ताईला भेट द्यायची. विचार एवढा थोर होता की त्यांचं त्यांनाच भरून आलं. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी एक छोटं भाषणही जुळवलं. त्यात ‘तुझे उपकार’ हे शब्द एकदा आणि ‘भाऊ या नात्याने’ दोनदा येत होते. बायकोने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताईंना एकदा विचारा तरी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून बाईंना फोन लावला. बाईंनी त्याच खणखणीत आवाजात सांगितलं की गाडी मंगळवारीच विकली गेली. डॉक्टरांचा चेहरा पडला. कुणाला, असं विचारणार तेवढ्यात बाहेर दोनदा हॉर्न वाजला.

खाली रस्त्यावर हिरवी गाडी उभी होती. ताई काच खाली करून वर बघत होती. तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून गाडी घेतली होती. मंगळवारी सकाळी, एकटीने जाऊन. कागद नावावर व्हायला दोन दिवस लागले, म्हणून कुणाला बोलली नव्हती.

“भोंग्या,” ती खालून म्हणाली, “रागावला असशील तर आत्ताच सांग. चिडलेल्या माणसाला मी शेजारी बसवत नाही.”

डॉक्टरांना भाषणातला एकही शब्द आठवेना. त्यांनी खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडचा औषधवाला दुकानाबाहेर येऊन बघत होता, दोन पेशंटही उठून खिडकीशी आले होते. डॉक्टर एवढंच म्हणाले, “थांब, कोट काढून येतो.” खुर्चीतल्या पेशंटकडे त्यांनी पंधरा मिनिटं मागितली आणि पन्नास घेतली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ताई त्यांना जुन्या मालधक्क्यामागच्या मोकळ्या मैदानात नेते आणि क्लच शिकवते. ती ओरडत नाही, नुसतं “पुन्हा” म्हणते. पहिल्या रविवारी तिने ते एकतीसदा म्हटलं. तिसऱ्या रविवारी डॉक्टर मैदानाबाहेर रस्त्यावर आले. गेल्या रविवारी ते गाडी पुलापर्यंत घेऊन गेले. पहिला, दुसरा, तिसरा, कुठेही करकर न होता. कौतुकाच्या अपेक्षेने त्यांनी शेजारी पाहिलं, तर ताईची मान एका बाजूला कलली होती आणि ती चक्क झोपली होती.

डॉक्टर हरखून गेले. दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असताना ताईला कधी डोळा लागलाय, असं त्यांनी तरी पाहिलं नव्हतं. तिला उठवू नये म्हणून त्यांनी आणखी एक मोठा फेरा घेतला आणि घरी येऊन बायकोला ही गोष्ट अगदी हळव्या आवाजात सांगितली.

बायकोचं मत असं की त्या वेगात कुणालाही झोप लागली असती.