फुकट बसेल तो ढकलेल

पुष्पक मोटार सर्व्हिसच्या मोटारी दोन, पण त्यातली एक दुसरीला सुटे भाग पुरवण्यापुरतीच उरलेली. वणी ते यवतमाळ धावायची ती दुसरी. या रस्त्यावर आता सरकारी मोटार येणार अशी आवई उठली, आणि मालक रामलाल शेटजींच्या अंगात काटकसर संचारली. आधी ड्रायव्हरचा चहा बंद झाला. मग ऑफिसची खोली सरकीवाल्याला भाड्यानं गेली. मग उतार लागला की इंजिन बंद करायचा हुकूम निघाला. आणि शेवटी क्लीनर प्रेमसिंगला पहिल्या तारखेपासून घरी बसवायचं ठरलं.

कंडक्टर उकंडा युनियनचा सेक्रेटरी. युनियन पाचच माणसांची, पण सेक्रेटरी तो सेक्रेटरी! राजूरच्या खाणीवर एक सभा ऐकून आल्यापासून तो खिशात शिक्का घेऊन फिरे. प्रेमसिंगची बायको जमनी घरी येऊन रडली तेव्हा यानं छाती काढून शब्द दिला, "त्याची नोकरी जाऊ देत नाई मी." शब्द देऊन बसला खरा, पण पहिली तारीख उजाडली तरी शेटजींशी बोलणं झालं नव्हतं.

बोलणी करायची तर ऑफिसात सरकी. म्हणून ती धावत्या मोटारीतच सुरू झाली. शेटजी पुढच्या बाकावर होते. त्यांच्यामागे सासरेबुवा, दोन साळे आणि साळ्यांच्या बायका, नेहमीप्रमाणे सगळे बिनतिकीट. प्रेमसिंग मात्र तिकीट काढून खिडकीशी पाय पसरून बसला होता.

"प्रेमसिंग करते काय?" शेटजी म्हणाले. "चाकाले दगड लावते अन् धक्का मारते. त्याच्यासाठी पगार कायले?"

"त्याले काढलं तं युनियन गाडी थांबवंल."

"थांबव. आज यवतमाळले परमिटचा साहेब घड्याळ घेऊन उभा हाय. गाडी येळेवर नाई पोचली तं तुह्यासकट सारेच घरी."

उकंडानं खिशातला शिक्का चाचपला.

तेवढ्यात करंजीचा उतार लागला. ड्रायव्हर धरमसिंगनं हुकुमाप्रमाणे इंजिन बंद केलं. मोटार डौलात खाली आली आणि नाल्यात उभी राहिली. सेल्फ मारला, पुन्हा मारला. इंजिन ढिम्म.

"प्रेमसिंग, उतर," शेटजी म्हणाले.

प्रेमसिंगनं तिकीट दाखवलं. "शेटजी, मी तं आज प्याशिंजर हाय."

बाकीच्या लोकांनीही आपापली तिकिटं वर केली. शेटजींच्या कपाळावर घाम आला. मग धरमसिंगनं मान वळवून सावकाश सांगितलं, "आमचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरे. त्या तांड्यात रीत होती. ज्याच्या पाठीवर ओझं नाई, त्यानं चढावर दुसऱ्याच्या बैलाले हात लावायचा. फुकट कोणी चालत नसे."

उकंडाची नजर सासरेबुवांवर गेली आणि त्याला गुदगुल्याच झाल्या.

"तिकीट नाई त्यानं ढकला," तो म्हणाला.

साहेबाचं घड्याळ नसतं तर शेटजींनी त्याला तिथंच झोडपलं असतं. पण सासरेबुवा उतरले, साळे उतरले, धोतर खोचून शेटजीही उतरले. प्रेमसिंग खिडकीतून "अजून जोर, अजून जोर" करत होता. इंजिन धडधडलं तेव्हा सासरेबुवा गुडघ्यापर्यंत चिखलात होते.

यवतमाळला मोटार वेळेवर पोचली. करार तिथंच बॉनेटवर लिहिला गेला. प्रेमसिंग राहील, युनियन वर्षभर पगारवाढ मागणार नाही, फुकट बसेल तो ढकलेल, आणि फुकटा कोण हे प्रेमसिंग सांगेल. उकंडानं शिक्का असा हाणला की बॉनेट वाजलं.

त्यानंतर शेटजींचे सोयरे मुकाट्यानं तिकीट काढू लागले, गावोगावचे पुढारीसुद्धा. मोटार तगली. उकंडाचे पाय जमिनीला लागेनात.

पुढच्या बाजाराला त्याची बायको रुखमाबाई टोपली घेऊन नेहमीसारखी पुढं बसली. करंजीच्या नाल्यात इंजिन रुसलं. प्रेमसिंग उतरला, एकेक खिडकी बघत आला आणि तिच्यापाशी थांबला.

"वयनी, उतरा."

उकंडाचं तोंड उतरलं. "अरे, तुही नोकरी म्याच वाचवली ना?"

"हो भाऊ," प्रेमसिंग खाली बघत म्हणाला. "तेच तं करून राह्यलो."

रुखमाबाईनं पदर खोचला. "ढकलते मी," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "पण तुमचं तिकीट कोठी हाय?"

उकंडानं गळ्यातली पिशवी काढून बाकावर ठेवली आणि बायकोच्या मागोमाग उतरला. लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. ढकलता ढकलता, शेटजी तरी 'राहू दे' म्हणतील या आशेनं त्यानं वर पाहिलं. पुढच्या खिडकीतून शेटजींनी हात बाहेर काढला, आणि हातात त्यांचं तिकीट होतं.