अकरा नंबरचा ठिपका

आमचा पट्टा पास झाला. परराष्ट्र खात्याने तो सगळ्या वकिलातींसाठी घेतला आणि सरांनी आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा शाब्बास म्हटलं. यातलं काहीही घडलेलं नाही. खात्याच्या साहेबांनी तसं लेखी आणलं होतं आणि त्याखाली आम्ही तिघांनी सह्या ठोकल्यात.

तर न घडलेला प्रकार असा. वकिलातीतल्या माणसावर संकट आलं की मनगटावरच्या पट्ट्याने ते ओळखायचं आणि मुख्यालयाला कळवायचं, असं काम खात्याने आमच्या विद्यापीठाला दिलं. शेवटच्या वर्षाचे आम्ही तिघे: चष्मा, चमचा आणि मी. चष्म्याला चष्मा नाही. चमचा मात्र सरांचाच.

पट्टा नाडी आणि पावलं मोजायचा. नाडी नेहमीसारखी असली तर आमच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. 'नेहमीसारखी' म्हणजे कशी, हे शिकवायला आम्ही वर्गातल्या पोरांना पट्टे बांधले. तेही तोंडी परीक्षांच्या आठवड्यात, कारण एरवी कुणी कॉलेजात सापडत नाही. पट्ट्याची पक्की समजूत झाली की माणूस ठीक असला की त्याचं काळीज धडधडतं.

एका वकिलातीत चाचणी सुरू झाली. जेवण झाल्यावर राजदूतांनी खुर्चीत डोळे मिटले आणि रक्षक दार तोडून आत घुसले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग राजदूत दार उघडं टाकून झोपायला लागले.

"शांत बसलेला माणूस धोक्यात आहे म्हणतंय तुमचं यंत्र," साहेब फोनवर म्हणाले.

"तसं अगदीच चूक नाहीये ते," चष्मा पुटपुटला. सरांनी फोनवर हात ठेवला.

माझी ताई त्याच वकिलातीत, संदेश कक्षात. तिकडे दंगे सुरू झाल्यापासून घरी फोन करायला बंदी. पट्ट्यांवर नावं नव्हती, नंबर होते. पण अकरा नंबरची नाडी रोज सकाळी उसळायची, पावलं मात्र शून्य. म्हणजे लिफ्ट. ताई लहानपणी लिफ्टमध्ये अडकली होती. जागच्या जागी उभं राहून एवढं घाबरणारं माणूस आमच्याच घरचं.

सांगायचं नसतानाही मी आईला सांगितलं.

"हिरवी म्हणजे बरी ना रे?" तिने भांडी घासता घासता विचारलं.

"हो."

"मग लाल कधी होते?"

"निवांत बसली की."

"जळली मेली तुमची विद्या! पोरीने काय दिवसभर धावत सुटायचं?"

दुरुस्तीला एक शांत माणूस हवा होता. वर्गात मीच निघालो. बाबा गेल्यापासून माझी नाडी कशाने हलत नाही. चष्म्याने कानाशी फुगा फोडला. चमच्याने मी नापास झाल्याचं सांगितलं. सर स्वतः ओरडले. स्क्रीनवर नाडीची रेघ सरळ.

"दगड आहे हा, सर," चमचा म्हणाला.

"दगड नाही, प्रमाण म्हणायचं," सर म्हणाले.

पट्ट्याने माझ्याकडून शांतता शिकून घेतली. राजदूत दार लावून झोपू लागले. ताई लिफ्टमध्ये क्षणभर लाल व्हायची, मग हिरवी. ते बघून बरं वाटायला हवं, एवढं मला कळायचं. आई रोज दारातच विचारायची, "हिरवी का?"

मग पट्टा पास झाला. साहेब आले, सह्या घेतल्या आणि स्क्रीनची वायर काढून स्वतःच्या हाताने गुंडाळली.

"साहेब, तो अकरा नंबर..." मी म्हणालो.

"कुठला अकरा?" साहेब म्हणाले. "चाचणी झालीच नाही."

घरी टीव्हीवर ताईच्या शहरातला रस्ता पेटलेला होता. आईने आवाज बंद केला.

"हिरवी का रे?"

"हिरवी," मी म्हणालो.

नमुन्याचा पट्टा माझ्या मनगटावरून काढायचा राहून गेला होता. त्याचा दिवा बघितला. तोही हिरवाच.

मा. सचिव, परराष्ट्र खाते, यांस सविनय विनंती की, न झालेल्या चाचणीतील अस्तित्वात नसलेल्या अकरा क्रमांकाच्या ठिपक्याचा रंग रोज सकाळी लिफ्टच्या वेळी माझ्या आईस तोंडी कळवण्यात यावा. ठिपका लाल होऊन तसाच राहिल्यास आधी अर्जदारास कळवावे. अर्जदाराच्या नाडीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, हे आपल्याच खात्याने प्रमाण मानले आहे.