कात्रीबाईची बंदूक

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. पस्तीस वर्षं शिवणकाम केलं म्हणून, आणि जीभही तशीच चालायची म्हणून. जीभ अजून शाबूत होती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात तेवढा लुळा पडला होता.

लेकीनं तिला मशिनीसकट आपल्या घरी आणलं. लेक जीव तोडून करायची, पण इतकं करायची की कात्रीबाईला नकोसं व्हायचं. वेणी घालायची, पाठीमागे उशी सारायची, घाससुद्धा भरवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू कात्रीबाईनं तिसऱ्याच दिवशी कपाटाखाली ढकलला.

एका दुपारी फोमची एक गोळी तिच्या मांडीवर येऊन पडली. नऊ वर्षांची नात खेळण्यातल्या पिवळ्या बंदुकीनं आरशावर नेम धरत होती. गोळीच्या टोकाला रबरी टोपी होती. नेम बसला की ती काचेला चिकटून राहायची.

"आण ती इकडे," आजी म्हणाली.

"तुला नाही जमणार. मागे ओढायचा दट्ट्या फार घट्ट आहे."

नातीनं हे म्हणायला नको होतं.

पहिल्या दिवशी उजव्या हातानं एक गोळी भोकात बसवता बसवता कात्रीबाई घामाघूम झाली. दट्ट्या तर हलेचना. आठवड्यानं बंदूक पोटाशी दाबून ओढल्यावर तो निम्मा मागे आला. पंधराव्या दिवशी 'खट्' झालं आणि गोळी थेट फडताळातल्या बरण्यांवर.

लेक धावत आली. "आई! हे काय खेळण्यांशी खेळायचं वय आहे?"

"मग घास भरवून घ्यायचं आहे का?"

लेक बरण्या सरळ करायला लागली. पण तिनं मनाशी काहीतरी ठरवलं होतं. रविवारी एक दुकानदार दारात उभा राहिला, मशीन न्यायला.

"नुसती जागा अडवते गं," लेक नजर चुकवत म्हणाली. "रोज तिच्याकडे बघून तुला त्रासच होतो."

कात्रीबाई उठली, भिंतीला धरून मशिनीपाशी गेली आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसली. "बंदूक आण," ती नातीला म्हणाली. मग दुकानदाराकडे वळली. "दादा, सहा गोळ्या मी या हातानं भरते आणि आरशावर उडवते. एक जरी राहिली, तर मशीन उचला. तोवर बसा."

दुकानदार बिचारा बसला.

चार गोळ्या भोकांत बसल्या. पाचवी बोटांतून निसटून मशिनीखाली गेली. लेक वाकली.

"हात लावायचा नाही!"

कात्रीबाईनं पायानं गोळी ओढली, वाकून उचलली, पुन्हा बसवली. कपाळावरची शीर तटतटली होती. सहावी भरली, दट्ट्या ओढला. खट्. ओढला. खट्. प्रत्येक ओढण्याला खांद्यापासून कळ यायची आणि ती ओठ चावून गिळायची. पाच गोळ्या आरशावर चिकटल्या. सहाव्या वेळी नेम चुकला आणि गोळी दुकानदाराच्या कपाळावर बसली.



दुकानदारानं कपाळ चोळलं. "उडवायची बोलला होतात, मावशी. उडाली की!" तो उठला, चपला घालून निघून गेला.

"आरशावर म्हणाली होतीस," लेक पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. "पडली असतीस तर? परत काही झालं असतं तर? मी एकटी काय करणार होते?"

कात्रीबाईला पहिल्यांदाच तिची भीती दिसली. तिनं डाव्या हातानं लेकीला जवळ ओढलं. "घाबर तू," ती म्हणाली. "पण मशीन माझी आहे. मला विचारल्याशिवाय परत कुणाला बोलवायचं नाही."

चार महिन्यांनी तिनं पडद्याची पहिली कड शिवली. शिवण दारुड्यासारखी झोकांड्या खात गेली होती. लेक म्हणाली, उसवून सरळ करूया. कात्रीबाईनं तो पडदा तसाच दर्शनी खिडकीला लावला.