शेवटच्या कांबळ्याची चिंधी

चर्चच्या तळघरात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी शनिवारच्या घेवड्याच्या पंगतीला म्हातारेकोतारे यायचे, घेवडा, काळा पाव आणि लाल सॉसेज खायचे, गुडघे चोळत घरी जायचे. त्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं आणि जेवणाकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. सगळ्यांचे डोळे मधल्या मोकळ्या जागेकडं. तिथं परगावाहून आलेला प्रवचनकार ब्रदर लायल बाह्या सारून उभा होता.

"या, गॅस्टनभाऊ, या! असे लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

लोक हसले. गॅस्टन म्हणजे लाकडाचा ओंडका एकट्यानं खांद्यावर घेणारा गडी. ब्रदरनं त्याला हात बाजूला ताठ धरायला लावला. "मी दाबणार. तुम्ही हात खाली जाऊ द्यायचा नाही." एवढं बोलून त्यानं दाबलंसुद्धा. गॅस्टनचा हात लुळ्यासारखा खाली आला. बायकांनी तोंडावर हात घेतला.

"बघितलं?" ब्रदरचा आवाज पाकातल्या जिलबीसारखा. "एवढा रेडा माणूस! पण नोकरीच्या मुलाखतीचं नाव काढलं की भीती खांद्यात शिरते आणि ताकद बोटांतून गळते. आता हे धरा."

त्यानं खिशातून एक मळकी पांढरी चिंधी काढली आणि दोन्ही हातांवर धरली, देवाचा प्रसाद धरावा तशी.

"हे काय आहे माहीत आहे? तुमच्या चार नंबरच्या मशीनवरचं शेवटचं कांबळं!"

मागची माणसं बघायला बाकांवर चढली.

दुसरा कुठला गंडादोरा घेऊन कुणी आला असता, तर या लोकांनीच त्याला हसून वेशीबाहेर घालवला असता. पण हे कांबळं होतं. कागदाच्या गिरणीत ओला कागद ज्या जाड लोकरी पट्ट्यावरून पळतो, ते. झिजलं की मशीनवरून उतरायचं आणि कामगार कापून घरी न्यायचे. गावातलं प्रत्येक पोर त्या कांबळ्याखाली झोपून मोठं झालेलं. भाजीचे वाफे थंडीत त्यानंच झाकायचे. कुत्रं मेलं तर त्यातच गुंडाळून पुरायचं. गिरणी बंद झाली, यंत्रं भंगारात गेली, आणि आता हा परका माणूस म्हणत होता, तुमच्या बापजाद्यांचं बळ यात मुरलेलं आहे.

गॅस्टननं चिंधी मुठीत धरली. ब्रदरनं एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्यानं दाबलं. "धरा! धरा! बापाची आठवण काढा!" हात लोखंडी पहारीसारखा. ब्रदर लोंबकळला तरी हलेना.

टाळ्या पडल्या. कुणीतरी रडलं. नॉर्मन ऊलेटनं शेजारी बघितलं, तर त्याचा थोरला भाऊ रोझेर डोळे पुसत होता. बापाच्या मयताला कोरडा राहिलेला माणूस.

"नॉर्मन," तो म्हणाला, "हे खरं आहे रे."

या भावांची अडचण साधी होती. आयुष्यात त्यांनी मुलाखत दिलीच नव्हती. त्यांच्या वेळी बाप पोराला घेऊन गिरणीच्या फाटकावर जायचा, मुकादम पोराचे हात उलटेपालटे करून बघायचा, "ऊलेटचा ना? ये सोमवारी," म्हणायचा, झालं. रोझेर बॉयलरवर लागला तो टक्कल पडेपर्यंत बॉयलरवरच. नॉर्मन त्याच्याच हाताखाली शिकला. आणि आता नदीपलीकडच्या इस्पितळाला बॉयलरवर दोन माणसं हवी होती. टेबलामागं तिघं बसणार, प्रश्न विचारणार. रोझेरची पाळी आधी, नॉर्मनची त्यानंतर महिन्यानं.

अशा लोकांसाठी मिस बूशेनं वाचनालयात सरावाचे वर्ग काढले होते. मिस बूशे म्हणजे शाळेत निम्म्या गावाला विज्ञान शिकवलेली, सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी बाई. ती टेबलामागं बसायची, चष्म्यावरून बघायची आणि विचारायची. पहिल्या दिवशी रोझेरला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटला होता.

"बाई, हात बघा कसा थरथरतोय."

"थरथरू दे. मी हाताला विचारत नाहीये, रोझेर ऊलेट, तुला विचारतेय. बॉयलरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काय करशील?"

"आग बंद."

"आणि पाणी?"

"पाणी अजिबात सोडायचं नाही! तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर छतातून जाईल, बाई!" बोलता बोलता तो खुर्चीतून उठला होता, हात हलवून वाफ दाखवत होता. थरथर कुठं गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही. बाई हसली. असे दोन-तीन वर्ग झाले आणि रोझेर घरी येताना शीळ घालायला लागला.

आणि मग हा ब्रदर आला. चिंधी मनगटाला बांधताना तो प्रत्येकाच्या कानात एक अट घालायचा. "आता सराव बंद. घोकंपट्टी म्हणजे शंका, आणि शंका शिरली की बळ गेलं. खोलीत जायचं, चिंधी दाबायची, उत्तर आपोआप जिभेवर येतं." अट घालण्यात त्याची हुशारी होती. काम झालं तर चिंधीचं बळ, नाही झालं तर तुमची शंका. आणि दानाची टोपली दोन्ही वेळेला त्याचीच.

दोघा भावांनी चिंध्या बांधून घेतल्या. रोझेरनं वर्ग सोडला, नॉर्मननंही. बाई रोझेरच्या दारात आली, तर यानं मान खाली घातली. "माफ करा, बाई. आता गरज नाही."

मुलाखतीच्या दिवशी नॉर्मननंच त्याला गाडीतून नेलं. रोझेरनं लग्नातला कोट घातला होता, बाहीखाली चिंधी. आत गेला आणि चहा निवायच्या आत बाहेर आला. गाडीत बसला. कोटाची बटणं सोडली.

"काय झालं, दादा?"

"विचारलं त्यांनी. काचेतलं पाणी दिसेनासं झालं तर काय कराल."

"मग? ते तर तुला झोपेतसुद्धा—"

"मी चिंधी दाबली," रोझेर म्हणाला. "वाट बघितली. आता येईल, आता येईल. जास्तच जोरानं दाबली. ती मधली बाई चांगली होती रे. म्हणाली, घाई नाही, मिस्टर ऊलेट. मी वाट बघत बसलो. मग ते म्हणाले, आभारी आहोत."

त्या संध्याकाळी तो ब्रदरकडं गेला. ब्रदरनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "रोझेरभाऊ, कांबळं कधी खोटं बोलत नाही. तुमच्याच मनात कुठंतरी शंका होती. मोठी पट्टी घ्या."

रोझेरनं मोठी पट्टी घेतली नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला पटलं, हेच वाईट. "माझंच मन कच्चं," एवढंच तो बोलत राहिला. बापाच्या कांबळ्यालासुद्धा आपण पुरे पडलो नाही, हे त्याच्या काळजात जाऊन बसलं. थोड्या दिवसांनी त्यानं घराला कुलूप लावलं आणि लांब दक्षिणेला लेकीकडं राहायला निघून गेला. जाताना नॉर्मनला म्हणाला, "तुझं मन माझ्यापेक्षा घट्ट आहे. तू चिंधी नीट सांभाळ." आणि स्वतःचीही चिंधी मनगटावर तशीच ठेवून गेला.

नॉर्मन चिंधी बांधूनच मिस बूशेकडं गेला. सरावाला नाही, दादाची वर्गात राहिलेली टोपी आणायला.

"बस," बाई म्हणाली. "हात धर बाजूला."

"बाई, मनगटाला चिंधी आहे. तुम्हाला नाही जमायचं."

"बोलू नकोस. धर."

तिनं दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि दाबलं. हात खाली! चिंधी बांधलेली असताना! नॉर्मनचं तोंड उघडंच राहिलं.

"आता चिंधी काढ. हे घे." तिनं त्याच्या मुठीत भांडी पुसायचं फडकं कोंबलं. "आता धर हं. मी सांगते तेव्हा, सगळा जोर लावून धर. धर!" आणि तिनं दाबलं. हात जागचा हलला नाही.

"हे काय जादूचं फडकं आहे?"

"फडक्याला दोन आण्याचीही अक्कल नाही, आणि तुलाही नाही. माझी बोटं कुठं होती ते बघितलंस का? आधी मनगटावर. आता कोपराच्या अलीकडं, खांद्याच्या बाजूला. ते दार ढकल बघू. कडीपाशी ढकल. हं. आता बिजागरीपाशी ढकल. जड झालं ना? तुझा खांदा म्हणजे बिजागरी. लांबून दाबलं की लहान पोरसुद्धा खाली आणेल, जवळून दाबलं की बैलसुद्धा आणू शकणार नाही. वर आणखी लबाडी अशी की पहिल्या खेपेला सावध होऊ देत नाही, दुसऱ्या खेपेला 'धरा, धरा' म्हणून ओरडतो. सातवीत शिकवलं होतं मी हे तुला. तू खिडकीतून नदीतले मासे बघत होतास."

नॉर्मन हसला नाही. तो दारापाशी तसाच उभा राहिला, हात बिजागरीवर ठेवून.

"मग दादाची चूक काय होती?" त्यानं विचारलं.

"रोझेरची काहीच चूक नव्हती," बाई म्हणाली, आणि चष्मा काढून पुसत बसली.

पुढच्या शनिवारी तळघर पुन्हा भरलं. ब्रदरनं "कोण येतं?" म्हटल्याबरोबर नॉर्मन उठला. मागोमाग मिस बूशे लोकरीचा हातमोजा घेऊन उठली.

"ब्रदर, एक लहानशी विनंती. आपली पंगत रांधणारी आजी, मेमेर ओडेट, आत स्वयंपाकघरात जाऊन मोज्यात वस्तू घालेल. कधी तुमची चिंधी, कधी तिचं फडकं. मोजा बांधून देईल, नॉर्मन तो मुठीत धरेल. आत काय आहे ते मला माहीत नसेल, नॉर्मनला नसेल, तुम्हालाही नसेल. तुम्ही दाबून सांगा. बळ असलं तर तुम्हाला कळेलच की!"

"बाई, शक्तीची परीक्षा घेऊ नये," ब्रदर हसला, पण हसू दातांवरच राहिलं.

"घाबरला काय रे?" घेवड्याच्या पातेल्यामागून मेमेर ओडेट ओरडली. "भीती खांद्यात शिरली का तुझ्या? चिंधी बांध की मग!"

सगळे हसले. आता मागं फिरायची सोय नव्हती. पहिल्या मोज्याला ब्रदरनं दाबलं, हात ताठ राहिला. "चिंधी!" तो म्हणाला. ओडेटनं मोजा सोडला. फडकं निघालं, घेवड्याच्या रश्शाचे डाग पडलेलं. दुसऱ्या खेपेला हात खाली आला. "फडकं!" निघाली चिंधी. पुढं तो नुसता अंदाजानं बोलायला लागला. कधी बरोबर, कधी चूक, नाणं उडवावं तसं. शेवटी कपाळ पुसून म्हणाला, "शंकेखोर माणसांमुळं खोली दूषित झालीय."

"खोली नाही रे बाबा, तुझी बोटं सरकतात," मिस बूशे म्हणाली. तिनं गॅस्टनला पुढं ओढलं, त्याच्या हातात ब्रदरचीच चिंधी दिली आणि मनगटावर दाबून हात खाली आणला. मग फडकं देऊन, कोपराशी दाबून तसाच ताठ ठेवला. एकदा भरभर, एकदा सावकाश, बोटं कुठं जातात ते सगळ्यांना दिसेल असं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक आपापल्या मनगटाकडं बघत होते. एकेक चिंधी सुटत गेली. ब्रदर लायल मागच्या दारानं कधी गेला ते कुणी बघितलं नाही. टोपली मात्र घेऊन गेला. आणि त्या चिंध्या? चार नंबरचं कांबळं भंगारवाल्यानं कधीच नेलं होतं. ब्रदरनं गाडीत काय कापून आणलं होतं ते देव जाणे. कांबळ्याखाली वाढलेल्या गावानं एकदाही चिंधी उलटून बघितली नव्हती.

नॉर्मन रोज सराव करत राहिला. मुलाखतीच्या दिवशी तो टेबलासमोर बसला. त्यानं आधीच सांगून टाकलं. "बाई, माझे हात थरथरतायत. असं टेबलासमोर मी कधी बसलो नाही. पण बॉयलरसमोर उभं राहून आयुष्य गेलं. विचारा." मधली बाई हसली. तिनं तोच प्रश्न विचारला. त्याला दादा दिसला, वाट बघत बसलेला.

मग तो म्हणाला, "आग बंद. आणि पाणी अजिबात सोडायचं नाही. हे मला माझ्या भावानं शिकवलं."

काम मिळालं. त्यानं त्याच दिवशी दादाला फोन लावला. काम मिळाल्याचं मागाहून सांगितलं. आधी मनगट, कोपर, दार, बिजागरी, मोजा, सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं मन कच्चं नव्हतं?"

"नव्हतं, दादा. बोटं सरकत होती."

"आणि मी वाट बघत बसलो," रोझेर म्हणाला. "चिंधीची."

"परत ये. आणखी कुठं निघेल काम. मिस बूशे आहे."

"बघू," रोझेर म्हणाला. तो आजवर परतलेला नाही. लेकीच्या घरामागं कुंपण रंगवतो म्हणे.

भीती सगळ्यांना वाटते, आणि ती चिंधीनं जात नाही, गंड्यानं जात नाही, कुणाच्या फुंकरीनं जात नाही. भीतीला शेजारच्या खुर्चीत बसवायचं आणि सराव केलेलं बोलायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. तेव्हा कुणी तुमचा हात दाबून चमत्कार दाखवायला लागला, तर त्याच्या तोंडाकडं बघू नका, बोटांकडं बघा. आणि त्यानं वर तुमच्याच मनात खोट काढली, तर त्याला दारापर्यंत पोचवा आणि बिजागरीपाशी नाही, कडीपाशी ढकलून दार लावून घ्या. लुबाडलेले पैसे माणूस पुन्हा कमावतो. रोझेरचं मुलाखतीतल्या त्या बाईसमोर अडकलेलं उत्तर मात्र कुणीच परत आणून देऊ शकलं नाही, आणि ते उत्तर त्याला येत होतं.